खालची जागा

ती. वन्सं,

त्या सकाळी मी दूध तापायला ठेवलं, दुकानाचं शटर अर्धं वर केलं, केर काढला, मशीनखालचा रिकामा कप्पा ओल्या फडक्याने पुसला, मग मधल्या खोलीतून स्टूल ओढत आणलं आणि वरच्या फळीवरून तुमची शिवणाची पेटी काढून टेबलावर ठेवली. रोजच्यासारखंच. तुम्ही चहा घेतलात, साखर कमी आहे असं म्हणाला नाहीत (तेव्हाच मला कळायला हवं होतं) आणि पेटी उघडली नाहीत. मी दूध गॅसवर तसंच ठेवून मागच्या मोरीत भांडी घासत बसले. बाहेर आले तर तुम्ही चपला घालून, पेटी डाव्या हातात धरून उभ्या, आणि दारात गाडी. तुम्ही म्हणालात, "दूध उतू गेलं बघ." आणि गेलात. दूध खरंच उतू गेलं होतं. म्हणजे जातानासुद्धा तुमचंच बरोबर होतं.

आता नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण त्यासाठी पार खाली व्हावं लागतं आणि "खाली" या शब्दाशी माझं सध्या बरं नाही. का ते पुढे येईलच. तूर्त उभ्यानेच, पण मनापासून, नमस्कार. खांदा कसा आहे? शेक घेता का, की "आज नको, उद्या" चाललंय? तुमच्या मैत्रिणीची झोप कशी आहे? (तुम्हीच सांगायचात, कारखान्यात असताना दुपारच्या सुट्टीत त्या घोरायला लागल्या की शिलाई मशीन चालू राहिलंय असं मुकादमाला वाटायचं.) आणि त्यांच्याकडे पेटी कुठे ठेवता? हे सहज विचारलं. त्या शहाण्या आहेत, हाताशी ठेवू देत असतील. माझा घोटा बरा आहे. दुकान चालू आहे. तुम्ही परत यावं म्हणून हे पत्र लिहितेय असं कृपा करून समजू नका. माझं एकटीचं छान चाललंय. हे पत्र फक्त एक तांत्रिक खुलासा करण्यासाठी आहे.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते, कारण चूक ओळीने मांडल्याशिवाय मला दिसत नाही. तुमचे भाऊ घरांचे मोठाले नकाशे कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचे. त्यांचं हे मशीन, म्हणजे तो स्कॅनर, एक पलंगच, आणि तो कॉम्प्युटरला आतल्या ज्या कार्डाने जोडलेला ते कार्ड इतकं जुनं की बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. हे आजारी पडले तेव्हा आतल्या खाटेवरून दुकान चालवायचे. मी बाहेर मशीनपुढे, हे आत, मधे पडदा. हे विचारायचे, "कागद सरळ घातलास?" मी म्हणायची, "घातला." हे विचारायचे, "खालची जागा राखलेली आहे ना? मोठ्या कागदाला लागते ती. कुणाला द्यायची नाही हं." मी वाकून मशीनखालच्या कप्प्याकडे बघायची. तो रिकामा असायचा. मी म्हणायची, "राखलीय हो." मग हे निवांत डोळे मिटायचे. आपण दोघं किती समजुतीने संसार केला, असं तेव्हा माझ्या मनात यायचं.

हे गेले. कप्पा मी कुणाला दिला नाही. रोज सकाळी पुसायची. (रिकाम्या कप्प्यावर पुसण्यासारखं काय असतं, असं तुम्ही एकदा विचारलंत. मी म्हणाले, धूळ. तुम्ही फडकं धुऊन माझ्या हातात दिलंत. तो तुमचाही भाऊ होता.) मशीनला ती जागा का लागते याचा मी माझा एक सिद्धान्तही बसवला होता: त्याला खालून श्वास घ्यावा लागतो. गिऱ्हाइकांना मी तो ऐकवायची. शेजारच्या फ्रेमवाल्यांना इतका पटला की त्यांनी आपल्या काच कापायच्या मशीनखालून बायकोच्या चपलांचं शेल्फ काढून टाकलं. ती बाई तेव्हापासून चपला जिन्यात ठेवते आणि माझ्याकडे बघताना डोळे बारीक करते. मला वाटायचं तिला चष्मा लागला असेल.

तुम्ही माझ्या सोबतीला म्हणून राहायला आलात. तुमच्या उजव्या खांद्याने जन्मभर कापड कापून कापून शेवटी संप केलेला, हात छातीच्या वर जाईना. आणि मी काय केलं? माझ्या उशांचे अभ्रे, कधी न वाचलेली मासिकं, तडा गेलेल्या बरण्या, यांच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या, हे सगळं कमरेच्या उंचीला होतं तिथेच राहू दिलं. मशीनखालचा कप्पा तर राखीवच. उरली वरची फळी, ती तुम्हाला दिली. वर उदारपणे म्हणाले, "काळजी करू नका, मी रोज काढून देत जाईन." तुम्ही म्हणालात, "बरं." मी त्या "बरं"चा अर्थ बरं असाच घेतला. सकाळी स्टुलावर चढून पेटी टेबलावर, संध्याकाळी टेबलावरून परत वर. पेटी वर गेल्यावर तुम्हाला खडू हवा असला आणि मी गिऱ्हाइकात असले की तुम्ही बसून राहायच्या. मी मात्र मनात स्वतःची पाठ थोपटायची: पाहा, नणंदेचं किती करते.

मग माझ्या डोक्यात आलं की कॉम्प्युटर फार मंद झालाय. दुरुस्तीच्या दुकानात नेला, ढीगभर नवी मेमरी घालून घेतली, जुनी ऑपरेटिंग सिस्टीम पुसून नवी टाकून घेतली. त्यांनी विचारलं, जुन्यातलं काही जपून ठेवायचंय का? मी ऐटीत म्हणाले, "नकाशे तेवढे ठेवा, बाकी सगळं स्वच्छ करा." हे वाक्य लक्षात ठेवा, वन्सं. हा खुनाचा क्षण आहे.

दुसऱ्याच आठवड्यात स्टुलावरून उतरताना माझा घोटा मुरगळला. आणि त्या संध्याकाळी, मी पाय सोडून पडलेली असताना, तुम्ही पेटी वर ठेवायला मला हाक मारली नाहीत. डाव्या हाताने ती मशीनखालच्या कप्प्यात सरकवली. सकाळी तुमच्या त्या कंत्राटदारांचा (ज्यांच्या सगळ्या शर्टांच्या बाह्या हातापेक्षा लांब आहेत, ते) दुमजली घराचा नकाशा मी मशीनमध्ये घातला. कागद तळाच्या बाजूने आत जातो, म्हणून तळमजला आधी येतो. तळमजला झकास आला. स्वयंपाकघर, खिडक्या, जिना, सगळं. जिन्याच्या वर मात्र नुसते पट्टे. कुणीतरी वरच्या मजल्यावर कंगवा फिरवल्यासारखे. पुन्हा घातला, पुन्हा पट्टे. कंत्राटदार माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले, "बाई, हा जिना चढून माणसं जाणार कुठे?"

मी खाली वाकले आणि मला तुमची पेटी दिसली.

मी काय बोलले ते तुम्ही ऐकलंत, कंत्राटदारांनी ऐकलं, आणि भिंत पातळ असल्यामुळे फ्रेमवाल्यांनीही ऐकलं. मला ते इथे पुन्हा लिहायची लाज वाटते, पण लिहिलं नाही तर हे पत्रही आधीच्या तीन पत्रांसारखं गॅसवर जाईल. मी म्हणाले, "जाताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती, तीसुद्धा तुम्हाला पाळता आली नाही? तुमच्या या पेटीने त्यांचं मशीन मेलं." तुम्ही एवढंच म्हणालात, "तू लंगडत होतीस म्हणून ठेवली गं." आणि मग, कंत्राटदार खिडकीबाहेर बघायला लागल्यावर, अगदी हळू, "माझ्यासाठी तो काही सांगून नाही गेला ना?" मी पेटी उचलली, दुखऱ्या पायाने स्टुलावर चढले आणि ती वर नेऊन आदळली. खडूंचा चुरा झाला असेल. झाला का?

पुढची सकाळ वर लिहिलीच आहे.

तुम्ही गेलात. कप्पा आदल्या दिवसापासून पुन्हा रिकामाच होता. मशीन आता सुधारणार याबद्दल माझ्या मनात काडीइतकी शंका नव्हती. नकाशा घातला. तळमजला झकास, वर पट्टे. म्हटलं, पेटीचा परिणाम उतरायला वेळ लागत असेल. (हे मी खरोखर म्हटलं. हसा.) मग फ्रेमवाले आले, म्हणाले श्वास कमी पडतोय, चार विटा लावून उचलू. उचललं. पट्टे. मग त्यांनी टेबलफॅन आणून कप्प्याकडे तोंड करून लावला. त्याने कंत्राटदारांचा मूळ नकाशा उडून बादलीत पडला, आणि तो आम्ही दोघांनी दोरीवर चिमटे लावून वाळवला. या सगळ्याचं खापर पेटीवर फोडता येईना. पेटी तर गावाच्या दुसऱ्या टोकाला होती.

शेवटी मी नेहमी करते तेच केलं: वाचनालयात गेले. तुम्हाला माहीत आहे माझं वाचन कसं. शाळा लवकर सुटली, पुढचं सगळं वेचून वेचून. उजवीकडे जाड पुस्तक, डावीकडे शब्दकोश, आणि एक पान झालं की बाहेर जाऊन पाणी पिऊन यायचं. नापास नकाशाच्या वेळी स्क्रीनवर एक ओळ उमटायची, तिच्याकडे मी आजवर किडामुंगी समजून दुर्लक्ष करत होते. ती ओळ मी हातावर लिहून नेली होती. कुठलीतरी राखीव जागा भरली, असं काहीतरी तिचं म्हणणं होतं. दुसऱ्या पुस्तकात ती सापडली. शेजारी लिहिलं होतं की जुन्या कार्डांना मेमरीतली फक्त खालची जागा दिसते, म्हणून सुरुवातीलाच ती राखून ठेवावी लागते. मोठ्या कामाला जास्त लागते.

खालची जागा. मेमरीतली.

मी मोठ्याने "अगं बाई!" म्हणाले. ग्रंथपालबाईंनी पाटीकडे बोट दाखवलं. समोर परीक्षेचा अभ्यास करणारे गृहस्थ खुर्ची घेऊन पलीकडे गेले. मी मात्र तोंडावर पदर धरून बसले, आणि वन्सं, मी हसत होते की काय करत होते ते मला सांगता येणार नाही. हे पडद्याआडून इतके दिवस मेमरीबद्दल विचारत होते आणि मी वाकून लाकडी कप्पा बघून "राखलीय" म्हणत होते. आणि तेही समाधानाने डोळे मिटत होते! त्यात बिघडलं काही नाही, कारण त्यांनी ती जागा आधीच कॉम्प्युटरमध्ये राखून ठेवलेली होती. मला विचारत होते ते नुसतं खात्रीसाठी. जे त्यांनी राखलं होतं, ते मी "सगळं स्वच्छ करा" म्हणून पुसून टाकलं. मधल्या दिवसांत लहानच कागद आले, म्हणून लगेच कळलं नाही. तुमची पेटी बिचारी कप्प्यात नुसती बसली होती.

हे जरा समजावून सांगते, कारण तुम्ही आयुष्यभर बेतून कापलंय, तुम्हाला माझ्याआधी कळेल. मेमरी म्हणजे एक भलंमोठं कपाट, जमिनीपासून आढ्यापर्यंत खणच खण, प्रत्येक खणाला नंबर. कार्डाला सामान ठेवायचं तर खणाचा नंबर सांगावा लागतो. आपलं कार्ड ज्या काळातलं, त्या काळी कपाटं बुटकी होती, म्हणून त्याला मोठे नंबर म्हणायला शिकवलंच नाही. वरचे खण त्याच्या लेखी नाहीतच. बळजबरीने वरचा नंबर दिला तर ते पुढचे आकडे गाळून उरलेला नंबर धरतं आणि भलत्याच्याच खणात सामान टाकतं. यात त्याचा दोष काही नाही. ते काम चोख करतं, हात तेवढा वर पोचत नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम ही त्या घरची कर्ती बाई. ती काय करते पाहा. कार्ड घरात आलं की आधी त्याचा हात कुठवर पोचतो ते विचारून घेते. ज्यांचा हात वर पोचतो त्यांना वर पाठवते आणि खालचे खण होता होईल तो मोकळे ठेवते, कारण कुणीतरी असं असणार की ज्याला खालच्याशिवाय गत नाही. शिवाय दिवस सुरू होतानाच खाली एक सलग तुकडा राखून ठेवते. नंतर मागून मिळत नाही, सगळे पसरलेले असतात. बसमध्ये रुमाल टाकायचा तर गाडी भरायच्या आधीच टाकावा लागतो ना, तसं. मग सामानाला वर जायचं असलं तर कार्ड ते खालच्या राखीव जागेत ठेवतं, आणि बाई ते तिथून उचलून वर नेऊन लावते. कार्डाला चढावं लागत नाही. या राखीव जागेला बाउन्स बफर म्हणतात, चेंडूने टप्पा घेऊन वर जावं तसं. आता कागद मोठा आणि राखलेली जागा लहान असली, तर ती भरून जाते, बाईचे दोन हात पुरत नाहीत, आणि उरलेला कागद म्हणजे पट्टे. कंत्राटदारांचा वरचा मजला असा गेला.

हे वाचताना मला आधी मजा वाटली. स्टूल, फळी, टेबल, खाली काढा, वर ठेवा, म्हणजे मीच की ऑपरेटिंग सिस्टीम! मग मजा गेली. कारण ती आधी विचारते. मी तुम्हाला कधी विचारलं नाही. मी बरण्या खाली ठेवल्या आणि माणसाला वर पाठवलं.

आणखी एक सांगते, मग तांत्रिक भाग संपला. नव्या कॉम्प्युटरमध्ये एक दुभाष्या बसवलेला असतो. कार्ड आपलं खालचाच नंबर सांगतं, दुभाष्या तो ऐकून परस्पर वरच्या खणाचा नंबर करून देतो. उचलाउचल नाही, पट्टे नाहीत, कार्डाला आपला हात आखूड आहे हे कळतसुद्धा नाही. आपल्या कॉम्प्युटरला तो नाही. पण आपल्या घराला होता. आठवतंय? तुम्ही म्हणायच्या, "चहा आहे की भांडं विसळलेलं पाणी?" आणि हे आत येऊन मला सांगायचे, "ताईला तुझा हलका चहा आवडला, आणखी मागतेय." मी म्हणायची, "त्यांना सांगा, दुकानाच्या वेळात भाषण नको," आणि हे बाहेर जाऊन तुम्हाला सांगायचे, "ती म्हणते, ताई बोलायला लागली की कामात लक्षच राहत नाही." तुम्ही खूश, मी खूश. मला किती वर्षं वाटत होतं की आपलं दोघींचं छान जमतं. हे गेल्यावर तुमचं बोलणं पहिल्यांदाच मला थेट ऐकू आलं, आणि माझं तुम्हाला.

असो. कॉम्प्युटर सुरू होताना जी आज्ञेची ओळ वाचतो, तिच्यात राखीव जागेचा आकडा वाढवायचा असतो. मी वाढवला. पहिल्या वेळी इतका वाढवला की खालची सगळी जागा मीच अडवली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. (माझ्या स्वभावाला धरूनच झालं.) मग पुस्तक पुन्हा वाचलं, कमी मागितली, कॉम्प्युटर सुरू झाला. कंत्राटदारांना बोलावलं, त्यांचा तो बादलीतून वाळून कडक झालेला नकाशा घातला, आणि जिन्याच्या वर खोल्या यायला लागल्या. एक, मग दुसरी, मग गच्चीचा कठडा. कंत्राटदार म्हणाले, "आला हो वरचा मजला! बिघडलं काय होतं?" मी म्हणाले, "मी." त्यांना वाटलं मी एखाद्या भागाचं नाव घेतेय. म्हणाले, "मिळाला का नवीन?" मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं, कप्पा, पेटी, सगळं, कारण त्यांच्यासमोर बोलले होते ते त्यांच्यासमोरच मागे घ्यायला हवं होतं. ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी बाह्या मागे सारत म्हणाले, "ताईंनी माझी मापं घेतली होती. त्या आल्या की कळवा." मी "हो" म्हणाले. तुम्ही येणार आहात असं मी त्यांना मुळीच भासवलं नाही, फक्त "हो" म्हणाले.

फ्रेमवाल्यांना सांगणं त्याहून कठीण गेलं. मी म्हटलं, "अहो, मशीनला खालून श्वास वगैरे काही लागत नाही. माझं चुकलं." त्यांनी काचेवरची फुंकर थांबवली. मग आतल्या दाराकडे नजर टाकून कुजबुजले, "हे आपल्या दोघांतच राहू द्या. चपला जिन्यात आहेत. आता जर तिला कळलं, तर मीही जिन्यात." पण भिंत पातळ आहे हे मी वर लिहिलंच आहे. संध्याकाळी चपलांचं शेल्फ परत आलं. त्या बाईंचे डोळे आता पूर्ण उघडतात. चांगले मोठे आहेत.

आता एकच उरलं. तुम्ही विचारलं होतं, माझ्यासाठी तो काही सांगून गेला नाही ना. मी त्यावर खूप विचार केला. हे मशीनबद्दलच बोलत होते, मी ओढूनताणून तुमचं समाधान करत नाही, ते तुम्हाला चालतही नाही. पण वाक्य असं होतं: खालची जागा राखून ठेव, लागते ती, आणि कुणाला द्यायची नाही. घरात हात वर न पोचणारे दोघंच होते, ते कार्ड आणि तुम्ही. मी दोघांचंही नीट ऐकलं नाही.

खुलासा संपला. उत्तराची अपेक्षा नाही. खांद्याला शेक घ्या, मैत्रिणीला नमस्कार सांगा, आणि मोठेपणाने क्षमा वगैरे केलीत तर ती माझ्या हाताला लागेल अशी ठेवा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. परवा सुतार येतोय. मशीनशेजारच्या भिंतीला नव्या फळ्या लावायच्या आहेत, आणि त्यासाठी मला एक माप हवंय. हे पत्र खरं म्हणजे त्यासाठीच आहे. मैत्रिणीला सांगा, तुम्हाला भिंतीशी उभं करायचं, उजवा हात अजिबात न दुखता जिथवर जाईल तिथे खडूने खूण करायची, आणि जमिनीपासून टेप लावायची. उगाच धीट होऊन वर ताणू नका, मला खरं माप हवं. गावभराची मापं घेतलीत तुम्ही, तुमचं कुणी घेतलं नाही. माप टपालाने पाठवलंत तरी चालेल. घेऊन आलात तरी चालेल.

ता. क. माझं एकटीचं छान चाललंय असं वर लिहिलंय ते खोडायचं राहिलं. मी चहात मुद्दाम साखर कमी घालते आणि कुणी काही म्हणत नाही. मशीनखालच्या कप्प्याचं आता काही कारण उरलेलं नाही हे मला पुस्तकासकट ठाऊक आहे, तरी रोज पुसते.

ता. क. एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती, फ्रेमवाल्यांच्या भिंतीलाही नाही. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापायला ठेवलं, शटर अर्धं वर केलं, केर काढला, कप्पा पुसला, स्टूल ओढत आणलं, चढले आणि पेटी काढायला वरच्या फळीवर हात घातला. मग खाली उतरले आणि स्टूल जागेवर ठेवलं.